हा आकडा कुठून आला?

(चांदूर बाजार इथल्या युवा अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला जेवणानंतरचं सत्र दिलंय आणि विषय आहे संगणकावर मोठा अहवाल कसा लिहावा. म्हणजे झोपेची पूर्ण व्यवस्था केलेली आहे. म्हणून आधी एक फजिती सांगतो. ती माझीच आहे, आणि याच गावातली आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही चार-पाच जण एक निवेदन घेऊन एका कार्यालयात गेलो होतो. विषय होता, आपल्या मुली सातवीनंतर शाळा सोडतात. दोन पानांचं निवेदन, खाली भरपूर सह्या आणि मधोमध ठळक अक्षरात एक आकडा. इतके टक्के मुली आठवीत पोचतच नाहीत. आकडा मोठा होता. तो बघून कुणालाही धक्का बसावा, असाच होता.

साहेबांनी निवेदन शांतपणे वाचलं. आम्हाला बसायला सांगितलं, चहा सांगितला. मग त्या आकड्यावर बोट ठेवून विचारलं, "हा आकडा कुठून आणला जी?"

मी म्हटलं, "सर्वेक्षण केलं, सर."

"कोणत्या शाळांचं? किती शाळा? कोणतं वर्ष?"

मी मित्राकडे बघितलं. मित्रानं मोबाइल काढला. मोबाइलमध्ये 'अंतिम', 'अंतिम दोन' आणि 'खरंच अंतिम' अशा तीन फायली होत्या. तिन्हींमध्ये आकडा वेगळा होता.

साहेब म्हणाले, "चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. पण तुम्हालाच माहीत नसंल, तर मी वर काय लिहू?"

त्यांनी निवेदनावर शिक्का मारला, आम्हाला पोच दिली आणि विषय संपला. त्या माणसाचा मला तेव्हा राग आला होता. आज येत नाही. मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. कंपनीच्या हिशेबात एक रुपया इकडचा तिकडे झाला, तर तो कुठल्या ओळीत चुकला हे आम्ही रात्र जागून शोधतो. आणि माझ्या गावातल्या मुलींच्या हिशेबाचा माग मी एका कागदावरही ठेवला नव्हता.

घरी आल्यावर सगळं उकरून काढलं. चूक कुठं होती ते ऐका. एका शाळेचं नाव दोन जणांनी दोन तऱ्हेनं लिहिलं होतं. एकानं 'उर्दू' लिहिलं, दुसऱ्यानं 'ऊर्दु'. संगणकाला वाटलं, या दोन शाळा आहेत. त्यामुळे त्या शाळेतल्या सातवीच्या मुली दोनदा मोजल्या गेल्या. शाळा सातवीपर्यंतच, त्यामुळे आठवीत त्या दोनदा मोजल्या जाणं शक्यच नव्हतं.

समजण्यापुरते आकडे घेऊ. सातवीत तीस मुली. आमच्या तक्त्यात झाल्या साठ. पुढं आठवीला दुसऱ्या शाळेत गेल्या पंचवीस. साठातून पंचवीस वजा केले की निम्म्याहून जास्त मुली गळाल्या असं दिसतं. खऱ्या गळाल्या फक्त पाच. आणि त्या पाचांतल्याही दोघी परतवाड्याला मामाकडे राहून शिकत असतील, तर उरल्या तीन. एका ऱ्हस्व-दीर्घानं आम्ही तीनाचे पस्तीस केले होते.

आता तुम्ही म्हणाल, आपण साधी माणसं, चुका होणारच. तर मोठ्या माणसांचं ऐका. २०१० साली दोन नामांकित अर्थतज्ज्ञांनी, कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांनी, एक निबंध प्रसिद्ध केला. देशावरचं कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की वाढ मंदावते, असं त्यात मांडलं होतं. अशा कर्जबाजारी देशांच्या वाढीची सरासरी त्यांनी उणे ०.१ टक्के काढली होती. सरकारी खर्चात कपात हवी म्हणणाऱ्या अनेक देशांतल्या पुढाऱ्यांनी त्या निबंधाचा दाखला दिला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन नावाच्या एका विद्यार्थ्यानं त्यांची मूळ एक्सेल फाइल मिळवली आणि उघडून बघितली. सरासरीच्या सूत्रात पाच देश आलेच नव्हते. काही वर्षांची माहिती वगळली होती, आणि देशांना वजन देण्याच्या पद्धतीवरही त्याचा आक्षेप होता. त्यानं आणि त्याच्या प्राध्यापकांनी हिशेब पुन्हा मांडला, तेव्हा सरासरी आली अधिक २.२ टक्के.

त्यांच्यात आणि आमच्यात एक गोष्ट सारखी होती. वाक्य एका फायलीत, हिशेब दुसऱ्या फायलीत, आणि मधला रस्ता फक्त लिहिणाऱ्याच्या डोक्यात.

ही गोष्ट आपल्याला नवीन वाटायला नको. हदीसची रचना आठवा. हदीसचे दोन भाग असतात. एक मत्न, म्हणजे सांगितलेली गोष्ट. दुसरा इस्नाद, म्हणजे ती कुणी कुणाकडून ऐकली याची साखळी. गोष्ट कितीही चांगली असो, साखळी तुटलेली असेल तर मुहद्दिस ती बाजूला ठेवतात. साखळीतल्या एकेका माणसाची चौकशी करणारी एक अख्खी विद्याशाखा आपल्या पूर्वजांनी उभी केली. आणि आपण मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला आकडा कुणाला काही न विचारता पुढं ढकलतो. आमच्या निवेदनात मत्न होतं, इस्नाद नव्हती.

तेव्हा आजचा प्रश्न एवढाच. अहवालातल्या प्रत्येक आकड्याला त्याची साखळी कशी जोडून ठेवायची?

त्यासाठी दोन साधनं एकत्र वापरायची आहेत. आधी दोन्ही वेगवेगळी समजून घेऊ.

पहिलं साधन आउटलायनर. म्हणजे मुद्द्यांचा आराखडा मांडायची सोय. मोठा मुद्दा, त्याच्या पोटात छोटे मुद्दे, त्यांच्या पोटात आणखी छोटे. हवा तो मुद्दा उघडायचा, नको तो घडी घालून ठेवायचा. एखादा मुद्दा उचलून दुसरीकडे नेला, तर त्याच्या पोटातलं सगळं त्याच्याबरोबर जातं. शंभर पानांचा अहवाल घडी घातल्यावर एका पानावर दिसतो, त्यामुळे आपण काय म्हणतोय ते एका नजरेत कळतं. ईमॅक्स या संपादकात चालणारं ऑर्ग-मोड हे असं एक साधन. कार्स्टन डोमिनिक या खगोलशास्त्रज्ञानं २००३ मध्ये स्वतःच्या टिपणांसाठी ते लिहायला घेतलं.

दुसरं साधन नोटबुक. हे वहीसारखंच असतं, पण या वहीत दोन प्रकारचे कप्पे असतात. एका कप्प्यात आपण मजकूर लिहितो. दुसऱ्या कप्प्यात संगणकासाठी सूचना लिहितो. हा तक्ता उघड, त्यातल्या सातवीच्या मुली मोज, आठवीच्या मोज, वजाबाकी कर. त्याच कप्प्याखाली उत्तर येतं. तक्ता बदलला की वही पुन्हा चालवायची, उत्तर आपोआप बदलतं. आज सगळ्यात जास्त चालणारी अशी वही म्हणजे ज्युपिटर. फर्नांडो पेरेझ यांनी २००१ मध्ये आयपायथन सुरू केलं, त्यातून २०१४ मध्ये ज्युपिटर प्रकल्प उभा राहिला.

ही वही किती मोठ्या कामाला लागते? १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांनी पहिल्यांदा गुरुत्वीय लहरी पकडल्या. ११ फेब्रुवारी २०१६ ला ती बातमी जगाला सांगितली, तेव्हा त्यांनी मूळ माहिती आणि ती तपासायची नोटबुकंही खुली केली. कुणीही ती वही उघडावी, चालवावी आणि लहर स्वतःच्या डोळ्यांनी बघावी. त्याच लायगोची भारतातली वेधशाळा आपल्या वऱ्हाडाला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ परिसरात, व्हायची आहे. दोन कृष्णविवरांच्या टकरीबद्दल बोलणारे लोक स्वतःचा हिशेब उघडा ठेवतात. सातवीतल्या मुलींबद्दल बोलणाऱ्यांनी तो का झाकावा?

आता दोन्हींची उणीव. नुसत्या आउटलायनरमध्ये मुद्दे छान मांडता येतात, पण आकडा हातानं लिहावा लागतो. म्हणजे साखळी तिथंच तुटली. नुसत्या नोटबुकमध्ये हिशेब छान होतो, पण वही वरून खाली अशी एकाच दिशेनं वाहत जाते. पन्नास-साठ कप्पे झाले की आपण नेमकं काय सिद्ध करतोय हेच हरवतं. म्हणून दोन्ही एकत्र हवीत. आराखड्याच्या प्रत्येक मुद्द्याच्या पोटात त्याचाच हिशेब.

ही कल्पना जुनी आहे. डोनाल्ड कनुथ या संगणकशास्त्रज्ञानं १९८४ मध्ये मांडलं की प्रोग्राम माणसानं माणसाला समजावून सांगितल्यासारखा लिहावा. त्यानं त्याला साक्षर प्रोग्रामिंग म्हटलं. ऑर्ग-मोडमध्ये पुढं बाबेल नावाचा भाग आला. त्यामुळे मुद्द्याच्या खालीच पायथनच्या सूचना लिहून तिथंच उत्तर मिळवता येतं. ज्युपिटरनंही मथळ्यांची सूची आणि घडी घालायची सोय दिली. म्हणजे दोन्ही बाजूंनी माणसं एकमेकांकडे चालत आली आहेत.

त्या फजितीनंतर आम्ही अहवाल पुन्हा सुरू केला. त्यातला एक मुद्दा उघडून दाखवतो.

मथळा आहे एक पूर्ण वाक्य: 'सातवीपर्यंतच्या शाळेतल्या मुली आठवीत कमी दिसतात'. 'शैक्षणिक स्थिती' असा भोंगळ मथळा आम्ही ठेवत नाही. मथळ्यातच दावा हवा, म्हणजे तो खोटा ठरायची सोय राहते. त्याच्या पोटात चार उपमथळे. पहिला, माहिती कुठून घेतली. दुसरा, हिशेब. तिसरा, शंका. चौथा, मागणी. प्रत्येक दाव्याखाली हे चारही असलेच पाहिजेत, असा आमचा नियम आहे. चारांपैकी एक रिकामा असेल, तर तो दावा छापायच्या प्रतीत जात नाही.

'माहिती'खाली शाळांची यादी आहे. आता शाळा नावानं लिहीत नाही, यूडायसच्या अकरा आकडी क्रमांकानं लिहितो. 'उर्दू' आणि 'ऊर्दु' यांचं भांडण तिथं मिटलं.

'हिशेब'खाली सूचनांचे कप्पे आहेत. आणि अहवालाच्या वाक्यातला आकडा आम्ही हातानं लिहीतच नाही. तिथं फक्त खूण असते, 'या हिशेबाचं उत्तर इथं आण'. अहवाल मराठीत आणि उर्दूत निघणार आहे. दोन्ही आवृत्त्यांत आकडा एकाच हिशेबातून येतो. आधी मराठीत दुरुस्ती व्हायची आणि उर्दूत जुनाच आकडा राहायचा. आता तसं होऊ शकत नाही.

'शंका' हा उपमथळा मला सगळ्यात प्रिय आहे, कारण खरं काम त्यानं केलं. तिथं एका मुलीनं एक ओळ लिहिली. ती बी.एस्सी. करते आणि आमच्यासाठी रजिस्टरं संगणकावर चढवते. तिनं लिहिलं, 'शाळा बदलली आणि शाळा सोडली, यात आपण फरक केला आहे का?'

आम्ही केला नव्हता. उर्दू शाळेतून सातवी होऊन मराठी शाळेत गेलेली मुलगी आमच्या हिशेबात गळाली होती. मग पुन्हा शाळांकडे गेलो. दाखल-खारीज रजिस्टरमध्ये नव्या मुलीच्या नोंदीपुढं आधीची शाळा लिहिलेली असते. इथला शाळा सोडल्याचा दाखला आणि तिथली दाखल नोंद जुळवायची. मुख्याध्यापकांनी मदत केली. आम्ही नावं घेतली नाहीत, फक्त अनुक्रमांक, तारखा आणि आधीची शाळा. मुलींची नावं आमच्या फायलीत नाहीत आणि तुमच्याही फायलीत नसावीत. हिशेब उघडा ठेवायचा, पण कुणाच्या लेकीची कुंडली उघडी टाकायची नाही.

जुळवणी झाल्यावर गळती कमी झाली. आमच्यातले काही नाराज झाले. "आकडा लहान झाला, आता कोण ऐकणार?" मी म्हटलं, आधीचा मोठा होता, तो तरी कुणी ऐकला?

मग राहिल्या त्या मुली, ज्या खरंच कुठल्याच शाळेत नव्हत्या. त्या का गेल्या? आमच्याकडे उत्तर तयार होतं. शिक्षणहक्काचा कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्यात पहिली ते आठवी हे प्राथमिक शिक्षण. पण महाराष्ट्रात जुनी रचना चौथी, सातवी, दहावी अशी. कितीतरी शाळा सातवीलाच थांबत आल्या. कायदा आठवीपर्यंतचा आणि शाळा सातवीपर्यंतची, त्या फटीत मुली पडतात. हे खरं आहे. म्हणून आम्ही मथळा लिहून ठेवला होता: 'आठवीची शाळा लांब आहे म्हणून मुली थांबतात'.

हिशेब चालवला. मुलींच्या राहत्या ठिकाणापासून आठवीच्या शाळेपर्यंतच्या अंतरानुसार यादी लावली. यादीचे सरळ दोन भाग झाले. खेड्यांतून येणाऱ्या मुलींसाठी अंतर हेच कारण दिसत होतं. मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, पण पास हातात असून शाळेच्या वेळेला गाडीच नसेल तर काय उपयोग? पण काही मुली अशा होत्या, ज्यांच्या घरापासून आठवीची शाळा चालत जाण्याइतकी जवळ होती. तरी त्या घरी होत्या. रजिस्टरमध्ये कारणाच्या रकान्यात दोनच शब्द, 'घरगुती कारण'.

या दोन शब्दांवर आमची बैठक रात्री उशिरापर्यंत चालली. एक बुजुर्ग म्हणाले, "बेटा, घर की बात बाहर कायकू ले जा रहे? पहलेच लोग अपने को नाव रखते." त्यांचं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. आपल्याबद्दल बाहेर काय काय बोललं जातं, हे तुम्हालाही माहीत आहे, मलाही. आपलीच उणीव आपण लिहायची आणि ती उद्या कुणीतरी आपल्याच विरोधात वाचून दाखवायची, ही भीती खरी आहे.

जुन्या पद्धतीत काय झालं असतं, ते मी सांगू शकतो. ती ओळ शांतपणे गळाली असती. कुणी 'काढा' असंही म्हटलं नसतं. वर्डमधून एक परिच्छेद गेला तर कुणाला कळतंय? पण इथं हिशेब मुद्द्याच्या पोटात होता. तो मथळा काढला असता, तर लांबच्या मुलींचा हिशेबही अर्धा पडला असता, कारण दोन्ही एकाच यादीतून आले होते. शिवाय फायलीचा प्रत्येक बदल नोंदला जातो. कुणी, कधी, काय काढलं ते दिसतं. म्हणजे काढायचं असेल तर सगळ्यांसमोर, नाव लावून काढावं लागणार होतं. कुणी पुढं आलं नाही.

शेवटी चौथ्या उपमथळ्याचे, म्हणजे मागणीचे, दोन भाग केले. 'शासनाकडे' आणि 'आपल्याकडे'. शासनाकडे आठवीचा वर्ग आणि शाळेच्या वेळेची गाडी. आपल्याकडे चौदा वर्षांच्या मुलीला घरी बसवणं थांबवा. ते बुजुर्ग दुसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, "दुसरी मागणी लेके मैं खुद घर-घर जाता. कागज तुम पहली का बनाओ." अहवाल अजून पूर्ण झालेला नाही, म्हणून इथं टक्के सांगत नाही. पण ते घरोघरी जातायत.

आपल्या बाजूचा वाटणारा आकडा आपण तपासत नाही, त्याचं आणखी एक उदाहरण देतो. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीचा अहवाल ३० नोव्हेंबर २००६ ला संसदेत मांडला गेला. आपल्या सभांमध्ये त्यातला एक आकडा नेहमी येतो. मुस्लिमांची साक्षरता ५९.१ टक्के, देशाच्या सरासरीपेक्षा कमी. मीही तो कितीतरी भाषणांत वापरला. आमच्या पहिल्या निवेदनातही तो होता. नव्या पद्धतीनं लिहिताना 'माहिती कुठून घेतली' हा उपमथळा भरायला बसलो आणि २००१ च्या जनगणनेचे राज्यवार तक्ते उघडले. महाराष्ट्रात मुस्लिमांची साक्षरता ७८.१ टक्के, राज्याची ७६.९. म्हणजे आपल्या राज्यात मुस्लिम सरासरीच्या वर होते. कारणांतलं एक उघड आहे. राज्यातले सुमारे ७० टक्के मुस्लिम शहरांत राहतात.

मग महाराष्ट्रात सगळं आलबेल आहे का? नाही. साक्षरता म्हणजे सात वर्षांवरच्या माणसाला लिहिता-वाचता येणं. ती मुलगी सातवीत शाळा सोडून घरी बसली, तरी जनगणनेत साक्षरच. आमचा प्रश्न साक्षरतेचा नव्हता, सातवीच्या पुढच्या पायरीचा होता. देशाचा आकडा इथं चिकटवून आम्ही स्वतःच्याच प्रश्नावर पांघरूण घातलं होतं. सच्चर समितीचा आकडा बरोबर आहे, आम्ही तो चुकीच्या जागी लावला होता.

आता सावधगिरीच्या गोष्टी. ही साधनं म्हणजे ताईत नाही.

एक. नोटबुकमधले कप्पे कुठल्याही क्रमानं चालवता येतात. पाचवा कप्पा आधी चालवला, मग दुसरा बदलला, की पडद्यावर दिसणारं उत्तर जुन्याच माहितीचं असू शकतं. २०१९ मध्ये पिमेंटेल आणि सहकाऱ्यांनी गिटहबवरच्या सुमारे १४ लाख नोटबुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी चालवून बघितलेल्यांपैकी जेमतेम २४ टक्के विनाअडथळा चालली, आणि तीच उत्तरं पुन्हा आली ती सुमारे ४ टक्क्यांत. म्हणून नियम सोपा. दिवसाचं काम संपलं की वही बंद करा, उघडा, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग चालवा. नाही चालली तर त्या दिवशीचं काम झालेलं नाही. आणि आठवड्यातून एकदा ती दुसऱ्याच्या संगणकावर चालवा.

दोन. हिशेब बरोबर आला म्हणजे विचारलेला प्रश्न बरोबर होता असं नाही. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनानं २०१५ मध्ये एक सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. त्यात ९२.१ टक्के महिलांना तोंडी तलाक बंद व्हायला हवा होता. असा आकडा आला की पहिला प्रश्न येतोच, कुणाला विचारलं? उत्तर आकड्याच्या शेजारीच होतं. दहा राज्यांतल्या ४,७१० महिलांना. त्यावर वाद घालता येतो, या महिला कोणत्या थरातल्या, कशा निवडल्या, असं विचारता येतं. विचारावंच. पण वाद घालता येतो तो साखळी उघडी आहे म्हणून. २२ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं तिहेरी तलाक तीन विरुद्ध दोन मतांनी रद्द ठरवला. तिथपर्यंतच्या वाटेवर घोषणाही होत्या आणि असे कागदही होते. घोषणा आपल्याला जमतात. आपण कागदांत कमी पडतो.

तीन. 'आमच्याकडे लॅपटॉप नाही.' ही अडचण खरी आहे. पण गुगल कोलॅब हे नोटबुक ब्राउझरमध्ये चालतं, मोबाइलवरही उघडतं आणि साध्या कामाला फुकट आहे. मजकुराच्या कप्प्यात मथळे नीट दिले की बाजूला आराखडा आपोआप तयार होतो. म्हणजे आज सांगितलेली दोन्ही साधनं एकाच ठिकाणी मिळतात. ऑर्ग-मोड पुढं शिका, घाई नाही. फक्त लक्षात ठेवा, ती फाइल इंटरनेटवर दुसऱ्याच्या घरी असते. नावं, फोन नंबर, जन्मतारखा तिथं टाकायच्या नाहीत.

माहिती कुठून आणायची? जनगणनेचे तक्ते मोफत उतरवता येतात. बाकीच्यासाठी माहितीचा अधिकार, २००५ चा कायदा. साध्या कागदावर अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, तीस दिवसांत उत्तर. शाळांची इयत्तावार पटसंख्या मागा, मुलांची नावं मागू नका. आलेल्या उत्तराचा जावक क्रमांक आणि तारीख 'माहिती'च्या उपमथळ्याखाली लिहून ठेवा. साखळीची पहिली कडी तीच.

एकदम अहवाल लिहायला बसू नका. आज घरी जाऊन एकच दावा लिहा. आपल्या मोहल्ल्याबद्दल तुम्ही नेहमी बोलता, असा एखादा. त्याखाली चार उपमथळे टाका: माहिती, हिशेब, शंका, मागणी. बघा, किती भरता येतात. 'शंका' स्वतः लिहू नका. तुमच्याशी न पटणाऱ्या माणसाला लिहायला द्या.

एक जुनी गोष्ट सांगून थांबतो. १८ एप्रिल १९६६ ला मुंबईत हमीद दलवाईंनी विधानभवनावर मुस्लिम महिलांचा मोर्चा नेला. तिहेरी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध. त्या मोर्चात महिला किती होत्या? सात. पुढं चार वर्षांनी, २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. आजही त्या मोर्चाबद्दल बोलताना सगळे सातच म्हणतात. कुणी त्याचे सत्तर केले नाहीत, सातशे केले नाहीत. पन्नासहून अधिक वर्षं तो लहानसा आकडा ताठ उभा आहे, कारण तो खरा आहे.

आमचाही आकडा लहान झालाय. पुढच्या महिन्यात तो घेऊन आम्ही पुन्हा त्याच कार्यालयात जाणार आहोत. साहेब बदललेले असतील, प्रश्न तोच असेल. या वेळी मोबाइल मित्राकडे नसेल. ज्या मुलीनं ती शंका लिहिली, तिच्या हातात लॅपटॉप असेल. 'हा आकडा कुठून आणला' असं विचारलं की ती मथळा उघडेल आणि दाखवेल.

आता प्रश्न विचारा.